रासायनिक बंध शिकताना या चुका टाळा

‘सोडियमने इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला, झाला बंध.’ तासगाव भागातल्या माझ्या वर्गात हे वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिकांत येतं आणि दरवर्षी मी त्याखाली लाल रेघ मारतो. देणंघेणं झालं, पण बंध सांगायचा राहूनच गेला. सोडियमचं संरूपण, म्हणजे कक्षांमधली इलेक्ट्रॉनची मांडणी, 2, 8, 1. एक इलेक्ट्रॉन गेला की 2, 8 उरतं आणि धनायन, म्हणजे धन प्रभार असलेला आयन, तयार होतो. क्लोरीनच्या 2, 8, 7 चं 2, 8, 8 झालं की ऋण प्रभाराचा ऋणायन. या दोन विरुद्ध प्रभारांमधली ओढ म्हणजे आयनिक बंध. सहसंयुज बंधातही ओढच असते: संदान झालेली, म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली, इलेक्ट्रॉनची जोडी दोन्ही अणूंची केंद्रकं आपल्याकडे ओढत असतात. म्हणून आधी विचारा, कोण कोणाला ओढतंय?

मग ‘मिठाचा रेणू’ असंही कुणी लिहिणार नाही. प्रभाराची ओढ चहूबाजूंनी असते. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती 6 क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती 6 सोडियम. सूत्र फक्त 1:1 हे प्रमाण सांगतं.

आकृतीत आयनांवरचा प्रभार विसरू नका, आणि हायड्रोजनभोवती 8 नव्हे, 2 इलेक्ट्रॉन पुरतात. ऑक्सिजनचा रेणू काढलात तर बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन मोजा. आधी 6 आणि 6 होते, तर आकृतीतही 12 च हवेत.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे ‘पाण्यात विरघळतं ते आयनिक’. आपल्याकडे उसाला युरिया आणि पोटॅश दोन्ही टाकतात, दोन्ही पाण्यात विरघळतात. पण पोटॅशचे आयन सुटे होतात, युरियाचे रेणू साखरेसारखेच अखंड राहतात. सुटे आयन असले की द्रावणातून वीज वाहते आणि दिवा लागतो. हे पाहायला आम्ही 9 व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी जोडून टेस्टर केला. तर एक मुलगी म्हणाली, “सर, साखरेच्या पाण्यातही दिवा लागला!” मंद होता, पण लागला होता. खरं तिचंच होतं. तिने पाणी बोअरचं आणलेलं, त्यात मुळातच क्षार होते. असं झालं तर आधी नुसतं पाणी तपासा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि मिठातून काढलेली तारांची टोकं धुतल्याशिवाय साखरेत बुडवू नका. कोरड्या मिठातही टोकं टेकवून बघा, दिवा लागणार नाही. आयन आहेत, पण जागचे हलू शकत नाहीत. घरातल्या विजेच्या प्लगला मात्र हा प्रयोग कधीही जोडायचा नाही.

मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळतं आणि पाणी 100 ला उकळतं, म्हणून सहसंयुज बंध कमकुवत, हा निष्कर्षही चुकीचा. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणूच्या आतले बंध तसेच राहतात. वाफ पाणीच असते. आणि हिरा तर सगळाच सहसंयुज बंधांनी बांधलेला आहे.

शेवटची चूक ‘एकतर हा, नाहीतर तो’ असं धरून चालण्याची. बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवतात त्या पाण्यात डिपिंग ऑइलबरोबर पोटॅशियम कार्बोनेट असतं. पिंपात पोटॅशियमचे आयन वेगळे होतात. पण कार्बोनेटमधला एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी जोडलेले, एकत्रच फिरत राहतात.