तिरकी रेघ म्हणजे मींड नव्हे

ग्रेगोरियन गायन, म्हणजे कॅथलिक चर्चचं जुनं, साथीशिवायचं लॅटिन गायन, शिकायला बसणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. चार रेघा, चौकोनी सूर, 'दो'ची क्लेफ (दो कुठल्या रेघेवर ते सांगणारी खूण) वेगवेगळ्या रेघांवर येऊ शकते, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. मी अडकलो तो पोर्रेक्टसपाशी, म्हणजे जाड तिरकी रेघ आणि एक चौकोन मिळून होणाऱ्या तीन सुरांच्या खुणेपाशी.

मी वसईचा. मराठी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) पेटी-तबल्यावर गात वाढलो, वर पाच वर्षं शास्त्रीय गायन. या गायनात मोड म्हणजे सुरांची ठरावीक चौकट. पहिल्या मोडमधली रचना 'रे'वर (दो-रे-मीमधल्या) विसावते. त्या 'रे'ला सा धरला की गंधार-निषाद कोमल, म्हणजे काफी थाटच! वाटलं, हे तर आपलंच. मग जाड तिरकी रेघ दिसली आणि मी वरून खाली मींड घेतली, म्हणजे आवाज न तोडता एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलो. दीड वर्ष घेत राहिलो.

ती मींड नाही. नीट बघा. रेघेचं वरचं डावं टोक हा पहिला सूर, खालचं उजवं टोक दुसरा, आणि त्या टोकाच्या डोक्यावरचा चौकोन तिसरा. वर, खाली, वर. तीनच. रेघ मधल्या ज्या जागांवरून जाते त्या गायच्याच नाहीत. ला-सोल-ला असेल तर चूक लपते. ला-फा-ला आलं की मधला सोल उमटतो आणि बाकी सगळे एका सुरात असताना तुमचा एकट्याचा आवाज ओघळतो.

एका फादरांनी पेन्सिलीने दोन टोकांवर ठिपके दिले, मधली रेघ अंगठ्याने झाकली आणि म्हणाले, "आता गा." असा शिक्षक मिळाला तर सोडू नका. प्रत्येक मोडला रागाचं नाव देणाऱ्यापासून मात्र लांब राहा. यूट्यूबवर ऐकून पाठ करणं तर त्याहून घातक, कारण दुसऱ्याची चूकही पाठ होते.

पण घाबरू नका. षड्ज कुठेही धरायची सवय ही मोठी ठेव आहे. ज्यांचं शिक्षण फक्त पियानोवर झालंय, त्यांना सरकता 'दो' जड जातो. सुरुवात सहाव्या पॉल पोपमहोदयांनी १९७४ मध्ये काढलेल्या 'यूबिलाते देओ' या सोप्या ग्रेगोरियन रचनांच्या छोट्या पुस्तिकेपासून करा. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठाचं 'ग्रादुआले त्रिप्लेक्स' (१९७९) हे मिस्सेच्या गायनाचं मोठं पुस्तक नंतर घ्या. त्यात चौकोनी सुरांच्या वर लाँ (फ्रान्स) इथल्या जुन्या हस्तलिखिताच्या काळ्या खुणा आहेत, खाली सांक्ट गालेन (स्वित्झर्लंड) परंपरेतल्या हस्तलिखितांच्या लाल. पहिल्याच वर्षी उघडलंत तर गोंधळाल.

मी आजही पोर्रेक्टस आला की सूर न लावता 'ला-फा-ला' म्हणून घेतो, मग लॅटिन शब्द आघातासकट वाचतो, आणि त्यानंतरच गातो.