अक्रॉस की थ्रू : मीटर लावण्यापूर्वी समजून घ्यायचे दोन शब्द

नागपुरात आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला येणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांनी प्रवेशाआधीच घरचा कूलर उघडून पाहिलेला असतो, पंपाची तार जोडलेली असते आणि कपॅसिटर बदललेला असतो. हात बसलेला असतो. अडचण येते ती मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणाऱ्या हातातल्या मीटरवर छापलेल्या इंग्रजी अक्षरांपाशी, मोटरसोबत आलेल्या पुस्तिकेपाशी आणि पुढे बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात मुलाखतीला बसल्यावर. माझ्या मते मोजमाप आणि इंग्रजी हे दोन वेगळे विषय म्हणून शिकूच नयेत, कारण मीटर कुठे लावायचा हे इंग्रजीतील दोन लहान शब्दच सांगून टाकतात.

ते शब्द म्हणजे ‘अक्रॉस’ आणि ‘थ्रू’. ‘मेझर द व्होल्टेज अक्रॉस द लॅम्प’ या वाक्यात ‘अक्रॉस’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून मीटरची एक लीड, म्हणजे टोक असलेली तार, दिव्याच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला लावायची आणि मूळ जोडणीला हात लावायचा नाही. ‘मेझर द करंट थ्रू द लॅम्प’ या वाक्यात ‘थ्रू’ म्हणजे त्यातून. जो प्रवाह दिव्यातून जातो तोच मीटरमधूनही जायला हवा, म्हणून तार एका ठिकाणी सोडवून मीटर मध्ये घालावा लागतो. पहिली जोडणी पॅरलल, दुसरी सिरीज. ‘करंट अक्रॉस’ किंवा ‘व्होल्टेज थ्रू’ असे कोणी बोलले, तर त्याची चूक केवळ व्याकरणाची नाही, हे ओळखावे.

आपल्या रोजच्या बोलण्याने आणखी काही खड्डे खणून ठेवले आहेत. ‘बोर्डात करंट आहे का?’ असे आपण विचारतो तेव्हा आपल्याला व्होल्टेज विचारायचे असते. काहीही चालू नसलेल्या सॉकेटमध्ये व्होल्टेज असते, करंट नसतो. ‘लाइन गेली’ म्हणजे आपल्यासाठी पुरवठा गेला, पण इंग्रजी आकृतीतील ‘लाइन’, म्हणजे ‘एल’ हे अक्षर, फेजची तार दाखवते. वस्तू जळाली की ‘शॉर्ट झाली’ म्हणायची सवय तर सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तार तुटल्याने वस्तू बंद पडली असेल, तर तो दोन तारा एकमेकींना टेकल्याचा ‘शॉर्ट’ नसून नेमका उलटा ‘ओपन’ दोष असतो. सर्वांत घातक शब्द म्हणजे ‘बंद’. मराठीत स्विच ‘बंद’ म्हणजे पुरवठा नाही. इंग्रजीत ‘क्लोज द स्विच’ म्हणजे संपर्क जुळवा, पुरवठा सुरू करा. सूचना वाचून कामाला हात घालणाऱ्याने हा फरक पाठच करावा.

पहिला सराव 9 व्होल्टच्या बॅटरीवर आणि 1 किलोओहमच्या दोन रेझिस्टरवर करावा. दोन्ही सिरीजमध्ये जोडल्यास एकूण रोध (रेझिस्टन्स) 2 किलोओहम होतो आणि ओहमच्या नियमाप्रमाणे 9 भागिले 2000, म्हणजे 4.5 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये 4.5 व्होल्ट दिसतात. तेच दोन पॅरलल जोडले की रोध 500 ओहमवर येतो, प्रवाह 18 मिलिअँपिअर होतो आणि प्रत्येकावर पूर्ण 9 व्होल्ट येतात. वाचन हिशेबाशी अगदी तंतोतंत जुळणार नाही, कारण बॅटरी थोडी वरखाली असते आणि रेझिस्टरलाही सहनमर्यादा असते, म्हणजे तो छापील किमतीपेक्षा थोडा कमीजास्त असू शकतो. उत्तर आधी कागदावर काढून मगच मीटर लावावा. आकडा पाहून हिशेब जुळवण्याची खोड एकदा लागली की सुटत नाही.

आता मीटर. काळी लीड नेहमी ‘कॉम’मध्ये राहते. लाल लीड व्होल्ट आणि ओहमसाठी एका सॉकेटमध्ये, तर मोठ्या प्रवाहासाठी ‘टेन ए’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये जाते. स्वस्त मीटरवर तिथेच ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेले असते आणि नवखा मुलगा घाईत त्यातला ‘फ्यूज्ड’ एवढाच भाग वाचतो. अर्थ असा की या वाटेवर फ्यूज नाही. शिकाऊ असताना एका कारखान्यात मी प्रवाह मोजून लाल लीड त्याच सॉकेटमध्ये राहू दिली आणि नॉब व्होल्टवर फिरवून थेट पॅनेलवर टेकवली. प्रवाहाच्या सॉकेटचा रोध जवळजवळ शून्य असल्याने तो मीटर म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये घातलेली नुसती तार होती. ठिणगी उडाली, लीडचे टोक वितळले आणि एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाने आपोआप तुटणारा स्विच, पडली म्हणून निभावले. तेव्हापासून नॉबआधी मी सॉकेट पाहतो. शिवाय पिवळ्या रंगाच्या अनेक स्वस्त मीटरांत प्रवाहाची रेंज केवळ डीसीची, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या प्रवाहाची असते, त्यामुळे घरगुती पुरवठ्याचा एसी प्रवाह त्यांवर मोजण्याचा प्रयत्नच करू नये.

रोध आणि कंटिन्युइटी, म्हणजे वाट अखंड आहे का, हे मोजताना पुरवठा पूर्ण तोडलेला आणि कपॅसिटर डिस्चार्ज केलेला असावा. पडद्यावर ‘ओएल’, किंवा स्वस्त मीटरवर डावीकडे एकटाच ‘1’ दिसला, तर तो एक ओहम नव्हे. रोध रेंजच्या बाहेर आहे, बहुधा वाट तुटली आहे, असा त्याचा अर्थ. 100 वॅटचा जुना तारेचा दिवा मोजला तर थंडपणी त्याचा रोध साधारण 40 ओहमच्या आसपास येतो आणि त्यावरून 230 व्होल्टला जवळपास 6 अँपिअर निघतात, प्रत्यक्षात मात्र तो 0.43 अँपिअरच घेतो. तार तापली की रोध वाढून 529 ओहमच्या घरात जातो. हीटरची नायक्रोम तार असे करत नाही, म्हणून 1000 वॅटची रॉड थंड असतानाही 50 ओहमच्या आसपासच वाचन देते.

230 व्होल्टच्या सॉकेटवर निदेशक शेजारी असतानाच हात घालावा. फेज-न्यूट्रल सुमारे 230, फेज-अर्थ जवळपास तितकेच आणि न्यूट्रल-अर्थ फार तर काही व्होल्ट, अशी तीन वाचने अपेक्षित असतात. फेज-अर्थ वाचन नीट येत नसेल किंवा हलत राहत असेल, तर अर्थिंग तुटलेली समजावी. पुरवठा गेल्याची खात्री करताना मीटर आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या जागी आणि पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहावा; मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. रंगांवर विसंबू नये. थ्री-फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे आपल्याकडचे फेजचे जुने रंग, पण उपकरणाच्या तपकिरी-निळ्या-हिरव्यापिवळ्या वायरीत निळी तार न्यूट्रल असते.

एप्रिलमध्ये कूलर माळ्यावरून खाली येतात तेव्हा हे सारे एका वस्तूवर करून पाहता येते. पत्र्याची टाकी, पाणी आणि ओले हात यांमुळे कूलर हे घरातील फार धोक्याचे उपकरण ठरते. प्लग काढून अर्थची पिन आणि रंग खरवडलेला पत्रा यांत कंटिन्युइटी पाहावी. बझर वाजलाच पाहिजे. मग कूलरचे स्विच चालू स्थितीत ठेवून फेज-न्यूट्रल पिना एकत्र जोडाव्यात आणि त्या व पत्रा यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे मोठा दाब देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, फिरवावा. वाचन 1 मेगाओहमहून कमी आले तर पुरवठा देऊ नये. पंप वेगळा करून पाण्यात बुडवून पुन्हा मोजावा, दोष बरेचदा तिथेच सापडतो. हे काम मल्टिमीटर करू शकत नाही, कारण त्याची बॅटरी काही व्होल्टचीच असते आणि गळणारे इन्सुलेशन तेवढ्या दाबाला ठीकच दिसते.

प्रवाहासाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावून मोजणारा मीटर, वापरावा, पण जबड्यात अख्खी वायर घेऊ नये; जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसते. फेजची एकटी तार घ्यावी आणि प्रवाह फारच कमी असेल तर तिचे 10 वेढे जबड्यातून फिरवून वाचनाला 10 ने भागावे. वहीत नुसते ‘0.8’ लिहू नये. ‘करंट थ्रू मोटर, 0.8 अँपिअर, पंप ऑफ’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या पाळीतील माणसाला मीटर कुठे आणि कोणत्या स्थितीत लावला होता ते विचारायला यावे लागत नाही.