विद्यापीठाच्या आवारात रोप्स कोर्स आखताना

रोप्स कोर्स म्हणजे खांबांमध्ये किंवा झाडांमध्ये तारा-दोर बांधून केलेला, तोल सांभाळत पार करायचा मार्ग. पहिला कोर्स कमी उंचीचाच ठेवा. पाय जमिनीपासून साधारण ६० सेंमीवर राहिले तर हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा सुरक्षा-पट्टा) लागत नाही; सोबतचे विद्यार्थी दोन्ही बाजूंनी हात पुढे धरून सांभाळतात. उंच कोर्सला हार्नेस, हेल्मेट, प्रशिक्षित माणसे आणि वर अडकलेल्याला उतरवण्याची तयारी, हे सगळे दर वेळी लागते.

जागा ठरली की आधी बांधकाम विभागाकडून जमिनीखालच्या वीज-पाण्याच्या लाइनींचा नकाशा मागवा. खड्डे त्यानंतर. झाडे आयती मिळतात म्हणून मोह होतो, पण वृक्षतज्ज्ञाने तपासल्याशिवाय त्यांना हात लावू नका. तार खोडाभोवती गुंडाळली तर खोड जाड होताना ती सालीत रुतते आणि झाड हळूहळू वाळते. आरपार बोल्ट त्यापेक्षा बरा.

सगळ्यात जास्त चुका तारेच्या ताणात होतात. तार घट्ट म्हणजे सुरक्षित, हा समज खांब पाडतो. दोन खांबांत १० मीटर अंतर आणि मध्यावर ८० किलोचा माणूस धरा. भाराखाली तार ५० सेंमी खाली आली तर तिच्यात सुमारे ४०० किलोचा ताण येतो. तीच फक्त १० सेंमी आली तर २००० किलो! उड्या मारल्या की आणखी वाढतो. म्हणून झोळ (भाराखाली तार किती खाली येईल ते) आधी ठरवा आणि त्यावरून खांब, पाया व मागच्या ताण-तारा (खांबाला मागून जमिनीकडे ओढून धरणाऱ्या तारा) यांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. ताण-तार ४५ अंशांत असेल तर तिच्यावर आडव्या ओढीच्या सुमारे १.४ पट भार येतो.

तार १० मिमीची, गॅल्व्हनाइज्ड. टोक वळवून केलेल्या फासात थिंबल (तार झिजू नये म्हणून बसवायची धातूची खोबणीदार कडी) आणि फास आवळायला तीन यू-क्लॅम्प (यू आकाराचा बोल्ट आणि खोबणीचा तुकडा), एकमेकांपासून साधारण ६ सेंमीवर. क्लॅम्पची खोबण भार घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट वळवून आणलेल्या आखूड टोकावर. उलटे बसवले तर बोल्ट भाराच्या तारेलाच चिरडतो. पहिल्यांदा भार दिल्यावर तार किंचित बारीक होते, तेव्हा नट पुन्हा आवळा.

खाली दगड, मुळे, काँक्रीटच्या कडा नकोत. रात्री कोणी ना कोणी चढणारच, त्यामुळे उंच भागाच्या शिड्या काढून कुलपात ठेवता येतील अशाच करा.

वापराआधी रोज तारेवरून जुने फडके फिरवा. धागा अडकला की तिथली बारीक तार तुटलेली आहे. तो टप्पा लगेच बंद. वर्षातून एकदा तपासणी बाहेरच्या जाणकाराकडून, ज्याने तो कोर्स बांधलेला नाही अशाकडून.