जुनी मारुती ८०० सांभाळताय? या चुका टाळा

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तरीही तिचे पार्ट मिळतात आणि तिची नस ओळखणारे मिस्त्री अजून आहेत. मग खिसा रिकामा का होतो? माझ्या गाडीवर झालेला बराचसा वायफळ खर्च एकाच कारणानं झाला: बिघाड कशामुळे आला हे न बघता पार्ट बदलला.

सगळ्यात महाग पडते ती इंजिन तापण्याकडे केलेली डोळेझाक. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं की क्षार साचतात, आतून गंज धरतो, नळ्या तुंबतात. या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे. ते फार तापलं की वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग हेड उतरवून फेसिंग (घासून पुन्हा सपाट) करण्यावाचून गत्यंतर नसतं. कूलंटचा डबा त्यापुढे काहीच नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. तयार मिसळलेलं आणलं असेल तर त्यात पाणी नको.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो ऐकला. इंजिन नीट गरम होईना, पेट्रोल जास्त जाऊ लागलं, आणि मूळ दोष होता पंख्याच्या स्विचमध्ये! तपासणी सोपी आहे. थंड इंजिनावर इग्निशन चालू करून रेडिएटरच्या स्विचचा कनेक्टर काढा आणि त्याच्या दोन वायरी जोडा. पंखा फिरला तर मोटर ठीक, स्विचवर संशय घ्या. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले बघा. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो पातेल्यात पाण्याबरोबर तापवा. पाणी उकळायच्या आत तो उघडायला हवा.

खंबाटकी घाटात तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, अंगावर उकळतं पाणी येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही नको.

स्टार्टर नुसता टकटक करतो म्हणून लगेच नवी बॅटरी आणू नका. टर्मिनलवरचा पांढरा थर खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, इंजिनाची अर्थ वायर घट्ट करा. मग मल्टिमीटर लावा: रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. चालू इंजिनावरही आकडा वर जात नसेल तर चार्जिंगमध्ये गडबड आहे; नवी बॅटरीही तशीच उतरेल.

पावसाळ्याआधी दरवाजांच्या खालच्या कडेची भोकं तारेनं मोकळी करा आणि मॅट उचलून पत्रा बघा. गंजावर तसंच कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून खात राहते.

आरसा, हँडल, सीट हे जुन्या बाजारातून जरूर घ्या, त्यात खरी बचत आहे. ब्रेकचे पॅड, होज आणि सिलिंडर मात्र नवेच घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. गाडी कमी फिरली तरी दर दोन वर्षांनी बदला.