ओपिनियन पोलची बातमी कशी वाचावी

पडद्यावर झळकणारे जागांचे आकडे क्षणभर बाजूला ठेवा. आधी बारीक अक्षरांतला मजकूर शोधा: सर्वेक्षण कोणत्या तारखांना झालं, किती जणांना विचारलं, ते कसे निवडले, पैसे कोणी दिले. यातलं काहीच छापलेलं नसेल, तर तो पोल सोडून द्या.

मग नमुना, म्हणजे ज्यांना विचारलं ती माणसं, पाहा. मतदार सरसकट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले असतील, तर १,००० जणांच्या नमुन्यात साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होतं. ही चूक निम्मी करायला चौपट, म्हणजे ४,००० माणसं लागतात. पण निवडच एकांगी असेल तर नुसती संख्या कामाची नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली होती आणि त्यावरून त्याने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. मतपत्रिका ज्या पत्त्यांवर पाठवल्या, ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतले होते. शिवाय पत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी घेणारे कोण, हाही प्रश्न होताच.

आता कोण किती पुढे आहे, ते तपासा. हजारांच्या नमुन्यात एकाला ४२ आणि दुसऱ्याला ३९ टक्के असतील, तर त्या ३ टक्क्यांच्या फरकातच सुमारे साडेपाच टक्क्यांची चूक असू शकते. अशा वेळी 'अमुक पुढे' हा मथळा धाडसाचा आहे. 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे किती, हेही पाहा. त्यांना गुपचूप वगळून उरलेल्यांचे शंभर टक्के केले, की सगळ्यांचेच आकडे फुगतात.

खरी गोची मतांवरून जागा काढताना होते. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. मतांचा अंदाज अचूक असला, तरी जागांचा साफ चुकू शकतो. म्हणून मतांची टक्केवारी न देता फक्त जागा सांगणाऱ्या पोलवर फार विसंबू नका.

आपल्या मतदारसंघाचं काय, हे मात्र राज्याच्या पोलमध्ये शोधू नका. ५,७६० जणांचा नमुना विधानसभेच्या २८८ जागांत सारखा वाटून दिला, तर एकेका जागेच्या वाट्याला येतात जेमतेम २० माणसं.