कॉलेज फुटबॉल बघताना खेळाडूच्या उंची-वजनाबाबत होणाऱ्या या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांमध्ये कॉलेज फुटबॉल (आपला पायाने खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल) शिरतो, आणि त्याच्यामागून तेच ते वाद. "क्वार्टरबॅक बुटका आहे, त्याचं काही खरं नाही." "दीडशे किलोचा लाइनमन आलाय, आता चिंता नाही." क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा आणि डाव चालवणारा, लाइनमन म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्यांना भिडणारा. ज्यांनी नुकताच हा खेळ बघायला घेतलाय त्यांना झटपट उत्तर हवं असतं. संघाची यादी उघडायची, उंची आणि वजन वाचायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. हे वर्षानुवर्षं ऐकून मी कंटाळलो आहे. मैदानात उतरलेल्या अकरा जणांची कामं वेगवेगळी असतात, आणि अंगकाठी कशी हवी हे ते काम ठरवतं. एका जागेवर दोन इंचांनी सगळं बिघडतं, तर दुसऱ्या जागेवर सहा इंचांचाही फरक पडत नाही.

छापलेली उंची खरी मानणं

यादीतला आकडा कॉलेज स्वतः छापतं. त्यात एखादा इंच वाढवलेला असणं अगदी नेहमीचं आहे. २०१२ चा हाइजमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकणारा जॉनी मॅन्झिएल टेक्सास ए अँड एमच्या यादीत सहा फूट एक इंच होता. २०१४ मध्ये इंडियानापोलिसला एनएफएल या व्यावसायिक लीगच्या चाचण्यांत अनवाणी उभा करून मोजला तेव्हा पाच फूट पावणेबारा इंच भरला. अलाबामाचा ब्राइस यंग यादीत सहा फूट होता, प्रत्यक्षात पाच फूट दहा इंच आणि वर इंचाचा आठवा भाग. इंडियानापोलिसला इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात, म्हणून मी तोच आकडा धरतो. तो उपलब्ध नसेल तर क्वार्टरबॅक आणि कॉर्नरबॅकच्या (कडेला झेल घेणाऱ्यांना रोखणारा बचावपटू) छापील उंचीतून सरसकट एक इंच वजा करतो. यात शास्त्र काही नाही, पण या सवयीने माझे अंदाज सुधारले आहेत.

लाइनमन म्हणजे नुसतं वजन, असं समजणं

माझा सगळ्यात जास्त राग याच चुकीवर आहे, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैज हरते, या चुकीने मुलांची शरीरं बिघडतात.

डॅलसच्या उत्तरेला आमच्या उपनगरात एक मराठी कुटुंब आहे. मुलगा हायस्कूलच्या संघात टाइट एंड खेळायचा, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून अडवायचा आणि झेलही घ्यायचा. उंच, सडपातळ, लांब हातांचा आणि पावलं अतिशय हलकी. वडिलांनी कुठेतरी वाचलं की मोठ्या कॉलेजांचे लाइनमन तीनशे पौंडांचे, म्हणजे १३६ किलोंच्या आसपास असतात. झालं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला फुगवायचं ठरलं. सकाळी तुपातले पराठे, दुपारी वजन वाढवणाऱ्या पावडरीचा मोठा ग्लास, रात्री जेवण झाल्यावर परत तोच ग्लास. मी टोकलं तर म्हणाले, "अहो, कोचला आधी वजनच दिसतं. ताकद काय, मागाहून येईल." मी म्हटलं, "वजन नका बघू, त्याचे पाय बघा." त्यांना ते पटलं नाही.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला. टेक्सासचं ते ऊन, अंगावर पॅड, डोक्यावर हेल्मेट. मुलाला धावण्याच्या फेऱ्या पुऱ्या करता येईनात. समोरचा बचावपटू बाहेरच्या बाजूने वळसा घालून निघून जायचा आणि हा जागेवरच वळत राहायचा. गुडघे दुखायला लागले. टाइट एंडची जागा गेली होतीच, लाइनवरही तिसऱ्या फळीत बसवलं. पुढचं सगळं वर्ष ते वजन उतरवण्यात आणि मग ताकदीच्या व्यायामाने हळूहळू नीट चढवण्यात गेलं. आज तो डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या स्तरावरच्या, एका कॉलेजात टॅकल खेळतो आणि चांगला खेळतो. त्या स्तरावर खेळासाठी शिष्यवृत्ती मात्र मिळत नाही, आणि वडिलांचा सगळा आटापिटा तिच्यासाठीच होता.

आता लाइनमनचं काम नक्की काय ते बघू. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल: ज्याची कंबर खाली, तो समोरच्याला उचलतो. फुटबॉलचे कोचही सरावात दिवसभर "खाली राहा, खाली राहा" म्हणूनच ओरडत असतात. वजन लागतंच, त्याशिवाय आतल्या जागांवर टिकाव लागत नाही. पण ते वजन वाकलेल्या गुडघ्यांवर पेलून चटचट पावलं टाकता आली पाहिजेत.

शिवाय आक्रमणाच्या लाइनवरच्या पाचही जागा सारख्या नाहीत: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. टोकाच्या टॅकलला संघातल्या सगळ्यात वेगवान बचावपटूंना अडवायचं असतं, म्हणून त्याचे हात लांब हवेत. खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत चौतीस इंच भरले की निवडणारे खूश होतात, तेहतीसच्या खाली गेले की "याला आत गार्डला हलवा" अशी कुजबुज सुरू होते. नॉर्थवेस्टर्नचा पीटर स्कोरोन्स्की २०२२ मध्ये देशातल्या उत्तम टॅकलपैकी एक होता. त्याचे हात सव्वाबत्तीस इंच. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा) अकरावा निवडला गेला आणि व्यावसायिक संघाने त्याला गार्डला नेलं. वजनाच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही.

सेंटर तर आणखी वेगळा. चेंडू मागे देता देता समोरच्याला भिडायचं, शिवाय बचाव वाचून बाकीच्या चौघांना इशारे द्यायचे. जेसन केल्सी सिनसिनाटीत रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) म्हणून आला, मग लाइनबॅकर (बचावाच्या लाइनमागे उभा राहणारा) झाला आणि शेवटी सेंटर. कॉलेज संपलं तेव्हा वजन २८० पौंडांच्या आसपास, म्हणजे त्या जागेच्या मानाने हलकाच. २०११ मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला आणि पुढे बारा-तेरा वर्षं त्या जागेवर त्याने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं.

बचावाच्या लाइनवरही तेच. पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड सहा फूट पाऊण इंच, २८५ पौंड, म्हणजे १२९ किलो. आतल्या लाइनमनसाठी हा आकडा बघून मंडळी नाक मुरडत होती. २०१३ च्या हंगामात त्याने आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की आणि बेडनारिक हे चारही पुरस्कार एका वर्षात मिळवले. चाळीस यार्ड तो ४.६८ सेकंदांत धावला होता. त्याची पहिली दोन पावलं पडेपर्यंत समोरच्या गार्डचे हात उठलेलेही नसायचे.

याउलट जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस: सहा फूट सहा इंच, ३४१ पौंड. २०२१ च्या विजेत्या संघाच्या बचावाचा तो कणा होता, कारण त्याला बाजूला सारायला दोघे लागत आणि मागचे लाइनबॅकर मोकळे राहत. पण एवढं शरीर प्रत्येक डावात पळवता येत नाही, त्यामुळे पासच्या वेळी त्याला बरेचदा विश्रांती मिळायची. फ्लोरिडाचा डेसमंड वॉटसन २०२५ मध्ये ४६४ पौंडांचा भरला, म्हणजे २१० किलो. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच निवडलं नाही. नंतर ज्या संघाने घेतलं त्यांनीही आधी वजन उतरवायला लावलं.

माझी सवय सांगतो. लाइनमन बघताना मी पहिल्या दोन-तीन डावांत फक्त गुडघ्यांच्या खाली बघतो. पाय एकमेकांत येतात का? टाच टेकून मागे रेलतो का? तिसऱ्या सत्रात दम लागल्यावरही कंबर तेवढीच खाली आहे का? याला वेळ लागतो. ज्यांना वेळ द्यायचा नाही त्यांनी लाइनमनबद्दल मत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अठरा वर्षांच्या मुलाची बावीस वर्षांच्या मुलाशी तुलना करणं

आपला लाडका संघ नवा टॅकल घेतो, तो २६० पौंडांचा निघतो आणि मित्रांच्या गटात हाहाकार उडतो. अहो, तो आत्ता शाळेतून आलाय! लाइनमनला पहिलं वर्ष 'रेडशर्ट' करून, म्हणजे ते खेळण्याच्या वर्षांत न मोजता, बाजूला ठेवायची पद्धत त्यासाठीच रुळली. २०१८ पासून तर चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष वाचवता येतं. त्या काळात खाणं, झोप, वजनं उचलणं सगळं तज्ज्ञांच्या नजरेखाली होतं. लेन जॉन्सन शाळेनंतर छोट्या कॉलेजात क्वार्टरबॅक होता, ओक्लाहोमात येऊन टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल झाला, आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला. शरीर असं टप्प्याटप्प्याने घडतं. नव्या मुलाचं वजन वाचण्यापेक्षा त्याचे हात, खांदे आणि पावलांचा आकार बघा. त्या सांगाड्यावर अजून किती चढू शकेल ते त्यावरून कळतं.

बुटका क्वार्टरबॅक चालत नाही, हे पाठ केलेलं वाक्य

समोर सहा फूट पाच इंचांचे लाइनमन उभे असताना सहा फुटांचा माणूसही त्यांच्या डोक्यावरून बघत नाही, फटीतून बघतो. त्यामुळे ठेंगण्या क्वार्टरबॅकला मागे उभं करून चेंडू घ्यायला लावतात, किंवा पूर्ण खेळ एका बाजूला सरकवून त्याला मोकळी वाट देतात. बॉस्टन कॉलेजचा डग फ्लुटी जेमतेम पाच फूट दहा इंच. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी मागे धावत जाऊन त्याने जो चेंडू फेकला, त्याने ४८ यार्डांचा टचडाउन (समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू पोचवून मिळणारे गुण) झाला आणि सामना ४७-४५ असा जिंकला. त्याच वर्षी हाइजमन. ओक्लाहोमाचा कायलर मरे पाच फूट दहाच्या किंचित वर, २०१८ चा हाइजमन आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला. ब्राइस यंगही त्याच उंचीचा, २०२१ चा हाइजमन आणि २०२३ मध्ये पहिला.

कॉलेजचा एक नियमही अशा खेळाडूंना मदत करतो. पासच्या वेळी लाइनमनना तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, व्यावसायिक खेळात एकच यार्ड. त्यामुळे धावायचं की फेकायचं हे ऐनवेळी ठरवणारे डाव कॉलेजात जास्त चालतात आणि चेंडू हातातून पटकन सुटतो. मी क्वार्टरबॅकची उंची बघत नाही, लाइनवरच्या हातांना लागून खाली पडलेले पास मोजतो. एका सामन्यात असं वारंवार झालं तर उंचीबद्दल बोलू. अंग फारच किरकोळ असेल तर मात्र मला काळजी वाटते, कारण मार खाऊन हंगामभर उभं राहायचं असतं.

दोन्ही कॉर्नरबॅक सारखेच हवेत, हा गैरसमज

ही गोष्ट फार कमी लोक बघतात आणि मला ती फार आवडते. मैदानाची रुंदी १६० फूट. कॉलेज मैदानावर मधल्या खुणांच्या दोन रांगांत ४० फुटांचं अंतर असतं, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फुटांचं. चेंडू एका रांगेवर ठेवला की कॉलेजात एका बाजूला ६० फूट जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट. म्हणून बरेच संघ अरुंद बाजूला दणकट, लांब हातांचा कॉर्नरबॅक लावतात, ज्याला धावणाऱ्यालाही पाडायचं असतं, आणि रुंद बाजूला हलका, वेगवान. दोघांची वजनं शेजारी ठेवून "हा कमजोर आहे" म्हणणारे हे मैदान बघतच नाहीत. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा टायरन मॅथ्यू हा पाच फूट नऊ इंचांचा बचावपटू २०११ मध्ये हाइजमनच्या अंतिम यादीत होता, तो चेंडूवर झडप घालण्याच्या वेळेच्या अंदाजावर.

बाकीच्या चुका, थोडक्यात

रनिंग बॅकची उंची विसरा. बॅरी सँडर्स पाच फूट आठ, १९८८ चा हाइजमन, त्या हंगामात २,६२८ यार्ड. डेरिक हेन्री सहा फूट तीन, २०१५ चा हाइजमन.

वाइड रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन झेल घेणारा, लुकडा आहे म्हणून सोडून देऊ नका. डेव्हॉन्टा स्मिथ ड्राफ्टआधी १६६ पौंड, म्हणजे ७५ किलो भरला होता. त्याच्या काही महिने आधी, जानेवारी २०२१ मध्ये ओहायो स्टेटविरुद्धच्या अंतिम सामन्यात, त्याने पहिल्या अर्ध्यातच १२ झेल, २१५ यार्ड आणि तीन टचडाउन केले होते.

लाइनबॅकर आता जुन्यांसारखे जाडजूड नसतात. आक्रमण मैदानभर पसरल्यापासून त्यांना रिसीव्हरमागे धावावं लागतं.

किकरचं वजन बघणं वेळ घालवणं आहे.

आणि आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी अकादम्यांच्या लाइन हलक्या दिसतात म्हणून त्यांना कमी लेखू नका. पदवीनंतर त्या मुलांना लष्कराच्या वजनाच्या अटी पाळाव्या लागतात, त्यामुळे फार जड मुलं तिथे ठेवताच येत नाहीत. मग ते वेग, कोन आणि कमरेखालच्या अडवणुकीवर खेळ बसवतात. २०२२ पासून अशी अडवणूक फक्त लाइनच्या आतल्या चौकटीतच करता येते, तरी त्यांनी त्यातूनही वाट काढली आहे. डिसेंबरमध्ये आर्मी-नेव्ही सामना लागला की पहिलं सत्र चेंडूकडे न बघता फक्त गार्डकडे बघा: तो समोरच्यापेक्षा किती खालून सुरुवात करतो ते.