संगणक-कौशल्याचे प्रमाणपत्र: परदेशी घ्यावे की देशी घडवावे?

विकसनशील देशातील एखादे विद्यापीठ, शिक्षण खाते किंवा सेवा आयोग जेव्हा संगणक-कौशल्याचे प्रमाणपत्र सक्तीचे करायचे ठरवतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन वाटा असतात. अनेक देशांत चालणारे परदेशी प्रमाणपत्र जसेच्या तसे स्वीकारायचे, किंवा आपली परीक्षा आपणच घडवायची. बैठकांमध्ये हा प्रश्न बहुधा प्रतिष्ठा विरुद्ध स्वाभिमान असा मांडला जातो आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने निकाल लागतो. हजारो उमेदवारांची नोकरी किंवा बढती ज्या कागदावर अवलंबून राहणार आहे, त्याचा निर्णय असा होऊ नये. तो कसा करावा, हे येथे मांडले आहे.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज आयसीडीएल या नावाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र मुळात फिनलंडमध्ये १९८८ साली सुरू झालेला ‘संगणक चालवण्याचा परवाना’ होता. एका लहान देशाने आपल्या लोकांसाठी तयार केलेली ती देशी परीक्षाच होती. पुढे ती ‘संगणक चालवण्याचा युरोपीय परवाना’ (ईसीडीएल) या नावाने युरोपभर पसरली, १९९७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि युरोपबाहेर जाताना तिच्या नावातील ‘युरोपीय’ हा शब्द जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आला. म्हणून परीक्षा कोठे जन्मली यापेक्षा ती काय तपासते आणि तिच्यावर ताबा कोणाचा आहे, हे आधी विचारावे.

पहिले काम प्रमाणपत्रांची माहितीपत्रके मागवण्याचे नसून, उमेदवाराने प्रत्यक्षात काय करणे अपेक्षित आहे ते लिहून काढण्याचे आहे. ‘स्प्रेडशीटचे ज्ञान असावे’ असे वाक्य निरुपयोगी असते, कारण त्यावरून प्रश्न तयार करता येत नाही. ‘६० विद्यार्थ्यांच्या गुणांचा तक्ता तयार करून त्यातील अनुत्तीर्णांची वेगळी यादी काढणे आणि त्या यादीवरून प्रत्येकाच्या पालकांना त्यांच्या नावाचे पत्र तयार करणे’ हे वाक्य उपयोगी आहे. अशी पंधरा-वीस कामे, ती रोज करणाऱ्या माणसांना विचारून, त्यांच्याच शब्दांत नोंदवावीत.

ही यादी अपुरी राहू नये म्हणून ती एखाद्या प्रसिद्ध चौकटीशी, म्हणजे संगणक वापरताना लागणाऱ्या क्षमतांच्या पद्धतशीर यादीशी, ताडून पाहावी. युरोपीय आयोगाच्या डिजकॉम्प या चौकटीत ५ क्षेत्रांत विभागलेल्या २१ क्षमता आहेत. शिक्षकांसाठी युनेस्कोची स्वतंत्र चौकट असून तिच्या २०१८ च्या आवृत्तीत ३ पातळ्यांवर मिळून १८ क्षमता दिल्या आहेत. या चौकटी वापरायला आणि आपल्या गरजेनुसार बदलायला मोकळ्या आहेत, म्हणजे पाया नव्याने खणण्याची गरज नाही. मात्र त्या डोळे झाकूनही घेऊ नयेत. युनेस्कोने २०१८ मध्ये डिजकॉम्पच्या आधारे जागतिक चौकट मांडली, तेव्हा तिला दोन क्षेत्रांची भर घालावी लागली आणि त्यांतले एक होते उपकरण व सॉफ्टवेअर हाताळण्याचे. उमेदवाराला यंत्र सुरू करणे आणि माउस वापरणे येतेच, हे मूळ चौकटीने गृहीत धरले होते. ज्या देशात अनेकांचा संगणकाशी पहिला संबंध प्रशिक्षण-वर्गातच येतो, तेथे हे गृहीतक चालत नाही.

यानंतर परदेशी परीक्षा हातात घ्यावी, आणि ती वाचू नये तर द्यावी. चार-पाच जणांना नमुना-परीक्षेला बसवावे, त्यांत एक जण रोज संगणकावर काम करणारा आणि एक जण नवशिका असावा, आणि त्यांच्या मागे उभे राहून पाहावे. जुन्या पद्धतीच्या काही चाचण्यांत पडद्यावर खरे सॉफ्टवेअर नसते, त्याची नक्कल असते. मजकूर ठळक करण्यास सांगितल्यावर सराव असलेला उमेदवार सहज कंट्रोल आणि बी ही बटणे दाबतो, नक्कल मात्र केवळ मेनूतील चिन्हावरची टिचकी ओळखते, आणि येत असलेल्या कामाचे गुण जातात. प्रश्नांतील तारखांची मांडणी, पत्त्यांचे नमुने, चलन आणि कागदाचा आकार कोणत्या देशाचे आहेत, हेही तपासावे. उमेदवाराला दिवसभर ज्या लिपीत टंकलेखन करायचे आहे, ती लिपी त्या परीक्षेत कोठेही येत नसेल, तर ती परीक्षा कामाच्या मोठ्या भागाकडे पाहतच नाही, हे स्पष्टपणे नोंदवावे.

खर्चाचा हिशेब करताना परीक्षा-शुल्कावर थांबू नये. केंद्राची मान्यता, तिचे नूतनीकरण, फेरपरीक्षा, सॉफ्टवेअरचे परवाने, अधिकृत अभ्यास-साहित्य आणि हे सर्व परकीय चलनात देताना विनिमय-दर बदलल्याने पडणारा भार, असे सगळे पाच वर्षांसाठी मांडावे. देशी परीक्षेच्या बाजूलाही तितक्याच प्रामाणिकपणे प्रश्नकर्त्यांचे मानधन, पूर्वचाचणी, सर्व्हर आणि दरवर्षी नवे प्रश्न तयार करण्याचा खर्च लिहावा. हा शेवटचा खर्च विसरल्यामुळेच देशी परीक्षा स्वस्त वाटते. प्रमाणपत्राला कोठे मान्यता मिळेल, याबाबत अंदाज बांधू नये. उमेदवार जेथे नोकरी मागणार आहेत अशा वीस नियोक्त्यांना विचारावे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय नावाचे मोल खरे आहे, पण सर्व उमेदवार त्यांतले नसतात.

देशी परीक्षा घडवायची ठरल्यास सर्वाधिक काळजी प्रश्नांची घ्यावी, कारण वाईट देशी परीक्षा ही महाग परदेशी परीक्षेपेक्षा अधिक अन्याय करते. प्रत्येक प्रश्न आधी निदान शंभर जणांवर आजमावावा. एकूण गुणांनुसार त्यांतले वरचे २७ आणि खालचे २७ जण वेगळे काढावेत. एखादा प्रश्न वरच्यांपैकी २४ जणांनी आणि खालच्यांपैकी ९ जणांनी बरोबर सोडवला असेल, तर तो चांगला आहे, कारण तो जाणकार आणि नवशिके यांना वेगळे करतो. याउलट समजा, ‘नवी फाइल पहिल्यांदा साठवताना सेव्ह वापराल की सेव्ह अॅज?’ असा प्रश्न आहे आणि तो वरच्यांपैकी १२, तर खालच्यांपैकी १६ जणांनी बरोबर सोडवला आहे. येथे दोष उमेदवारांचा नाही. पहिल्यांदा साठवताना दोन्ही पर्याय सहसा एकाच ठिकाणी नेतात, हे जाणकारांना ठाऊक असते आणि म्हणून ते अडखळतात. नवशिका पाठ केलेले उत्तर देऊन मोकळा होतो. असा प्रश्न दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता काढून टाकावा.

उत्तीर्णतेची मर्यादाही सवयीने ३५ किंवा ५० ठेवू नये. १९७१ मध्ये पुढे आलेली परीक्षातज्ज्ञ विल्यम अँगॉफ यांची पद्धत मर्यादित साधनांतही वापरता येते. आठ-दहा जाणकारांना एकत्र बसवून प्रत्येक प्रश्नाबाबत विचारावे: काम जेमतेम जमेल अशा शंभर उमेदवारांपैकी किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील? सर्वांच्या उत्तरांची प्रश्नवार सरासरी काढून त्या सरासऱ्यांची सरासरी घेतली, की मर्यादा मिळते. ती ६३ आली तर ६३ ठेवावी, आणि ती कशी आली याची नोंद जपून ठेवावी. अनुत्तीर्ण उमेदवाराला कारण विचारण्याचा हक्क आहे आणि ‘नियम आहे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा. ज्या केंद्राचे उत्पन्न उत्तीर्णांच्या संख्येवर वाढते, त्याच्याच हाती परीक्षा दिली तर प्रमाणपत्राची पत दोन-तीन वर्षांत जाते. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी असलेले आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक निःपक्षपातावर याच कारणासाठी भर देते. त्याची औपचारिक मान्यता लगेच मिळवता आली नाही, तरी त्यातील अटी पहिल्या दिवसापासून पाळता येतात.

माझ्या मते बहुतेक देशांनी मोकळी आंतरराष्ट्रीय चौकट, देशी भाषेतील स्वतःची प्रश्नपेढी आणि इच्छुकांसाठी ऐच्छिक परदेशी प्रमाणपत्र, हा मार्ग धरावा. प्रश्नपेढी तयार होईपर्यंत परदेशी संस्थेशी करार करावाच लागला, तर तो तीन वर्षांहून अधिक काळाचा नसावा. परीक्षार्थींच्या प्रश्नवार निकालांची प्रत आपल्याला मिळेल, स्थानिक भाषेतील भाषांतर आपल्या तज्ज्ञांकडून तपासले जाईल आणि आपल्या माणसांना प्रश्न-लेखनाचे प्रशिक्षण दिले जाईल, ही तीन कलमे त्यात लिहून घ्यावीत. संस्था त्यांना नकार देत असेल, तर स्वाक्षरी करण्यापूर्वी दुसऱ्या संस्थेकडे चौकशी करावी.